पेव्हर ब्लॉक बसवल्यापासून वाळत चाललेला पर्जन्यवृक्ष वाचवता येईल का?

कोथरूडची सावली | १६ फेब्रुवारी

नमस्कार. पुण्यात कोथरूड भागातील आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या आवारात एक जुना पर्जन्यवृक्ष आहे. संस्थेची इमारत १९८६ मध्ये उभी राहिली. तेव्हापासून येथे राहणारे ज्येष्ठ सभासद सांगतात की, त्या वेळीही हे झाड चांगले दुमजली घराएवढे होते. काल मी दोरी गुंडाळून छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजला, तो २४० सेंटिमीटर भरला. उन्हाळ्यात आमच्या दोन्ही इमारतींच्या मधले अंगण केवळ या एका झाडामुळे वावरण्याजोगे राहते आणि संध्याकाळी त्याची पाने मिटू लागली की लहान मुले ती पाहायला खाली जमतात.

तीन वर्षांपूर्वी चिखल होतो या कारणाने आवारातील सगळी मोकळी माती झाकून पेव्हर ब्लॉक बसवण्यात आले. खोडाभोवती जेमतेम एक हात माती उघडी ठेवली आणि तिच्यावरही मुरूम पसरला. त्याच सुमारास पावसाचे पाणी वाहून नेणारी नवी वाहिनी झाडाच्या पूर्वेकडून, जेसीबीने चर खणून, टाकण्यात आली. पहिल्या वर्षी काहीच जाणवले नाही. दुसऱ्या वर्षी पूर्वेकडच्या शेंड्याला पालवी उशिरा आणि विरळ आली, आणि गेल्या वर्षी त्या बाजूच्या सात-आठ फांद्या पावसाळ्यातही बोडक्याच राहिल्या. ऑगस्टमध्ये त्यांतील एक वाळकी फांदी मोडून उभ्या असलेल्या दुचाकीवर पडली. सुदैवाने तेव्हा तेथे कोणी नव्हते.

आता कार्यकारिणीतील बहुतेकांचे मत असे झाले आहे की, पावसाळ्यापूर्वी झाड तोडण्याची परवानगी मागावी, तर काहींना ते वरून निम्मे छाटून टाकणे पुरेसे वाटते. निर्णयाची सभा ९ मार्चला आहे. हे झाड खरोखर मरणपंथाला लागले आहे का, त्याला वाचवण्यासाठी आम्हाला काय करता येईल, आणि ते करेपर्यंत त्याच्याखालून ये-जा करणाऱ्यांच्या जिवाला धोका राहणार नाही यासाठी कोणती काळजी घ्यावी, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उद्यानसेवक | १६ फेब्रुवारी

ताई, मी एका महानगरपालिकेच्या उद्यान विभागात ३१ वर्षे नोकरी करून निवृत्त झालो आहे. तुम्ही ज्या क्रमाने हकिगत लिहिली आहे, त्या क्रमातच बहुधा रोगाचे निदान दडलेले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम एक सावधगिरी. पर्जन्यवृक्ष आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने गाळतो आणि थोड्याच दिवसांत पुन्हा पालवतो, त्यामुळे आजघडीला दिसणाऱ्या बोडक्या फांद्यांवरून कोणताही निष्कर्ष काढू नका. गच्चीवरून किंवा खिडकीतून हाताला येणाऱ्या, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या डहाळ्यांची साल नखाने किंचित खरवडून पाहा. आत हिरवा, ओलसर थर दिसला तर ती डहाळी जिवंत आहे, आणि तपकिरी, कोरडे लाकूड दिसले तर मेलेली. अशा निदान वीस-पंचवीस डहाळ्या वेगवेगळ्या बाजूंनी तपासल्यावर झाडाचा किती भाग खरोखर गेला आहे याचा अंदाज येईल.

आता मुळांविषयी. झाड वर जेवढे उंच, तेवढी त्याची मुळे खाली खोल जातात, अशी आपल्याकडे सार्वत्रिक समजूत आहे आणि तिच्यामुळेच शहरांतील असंख्य झाडे मरतात. पाणी आणि अन्नद्रव्ये शोषून घेणारी बहुतेक बारीक मुळे जमिनीच्या वरच्या अर्ध्या-पाऊण मीटरच्या थरात असतात आणि ती फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे पसरलेली असतात. ती तेथे असतात याचे कारण हवा. मुळांना श्वासासाठी प्राणवायू लागतो. चांगल्या मातीचे निम्मे आकारमान पोकळ्यांचे असते आणि त्या पोकळ्यांत काही भाग पाणी, काही भाग हवा असते. पेव्हर ब्लॉक बसवताना आधी वरची माती खरवडतात, म्हणजे बारीक मुळांचा मोठा हिस्सा तेथेच जातो. मग मुरूम आणि कच टाकून त्यावर रोलर फिरवतात, म्हणजे उरलेल्या मुळांभोवतीच्या पोकळ्या दाबल्या जातात. त्यानंतर वरून पाणीही फारसे उतरत नाही. झाड लगेच मरत नाही, कारण खोडात आणि जाड मुळांत पिष्टमय पदार्थांचा साठा असतो. त्या साठ्यावर ते दोन-तीन, कधी पाच वर्षेही काढते, आणि साठा संपत आला की सर्वांत दूरचा भाग, म्हणजे शेंडा, आधी सोडून देते. तुमच्या झाडाने पहिले वर्ष काही दाखवले नाही, ते यामुळेच. तोपर्यंत पेव्हर ब्लॉकच्या कामाची आठवण पुसट झालेली असते आणि लोक कीड शोधत बसतात.

चराची गोष्ट मात्र वेगळी आणि अधिक गंभीर आहे. बारीक मुळे गेली तर झाड उपाशी राहते, पण खोडाजवळची जाड मुळे तुटली तर त्याचा आधार जातो. ढोबळ हिशेब असा की, खोडाच्या व्यासाच्या तिप्पट अंतराच्या आत मुळे तोडली तर झाड उभे राहण्याविषयीच शंका घ्यावी, आणि व्यासाच्या बारापट त्रिज्येचे क्षेत्र शक्य तोवर खणू नये, दाबू नये. २४० सेंटिमीटर घेर म्हणजे सुमारे ७६ सेंटिमीटर व्यास. याचा अर्थ सव्वादोन मीटरच्या आत चर गेला असेल तर ती धोक्याची बाब आहे, आणि जपायला हवे असे क्षेत्र खोडापासून जवळजवळ नऊ मीटरपर्यंत पसरलेले आहे. नऊ मीटर जागा कोणत्याही गृहसंस्थेला मोकळी ठेवता येणार नाही हे मला कळते, पण एक हात आणि नऊ मीटर यांच्यामध्ये पुष्कळ जागा असते.

सभेपूर्वी एवढे करा. चर खोडापासून नेमका किती अंतरावर आहे ते मोजा. त्या बाजूचे थोडे ब्लॉक उचलून हाताने, कुदळीचा घाव न घालता, माती काढून तुटलेल्या मुळांची टोके पाहा. खोडाच्या पायथ्याचा मुरूम बाजूला करून बुंधा जेथे पसरट होतो तो भाग उघडा करा आणि तेथील साल कुजली आहे का ते तपासा. बुंध्यावर किंवा जवळच्या मुळांवर कठीण, पंख्याच्या आकाराची अळंबी उगवलेली दिसली, तर आत लाकूड कुजत असण्याची दाट शक्यता असते. लाकडी हातोडीने खोडावर चहूबाजूंनी ठोकून आवाज ऐका, पोकळ भाग ढब्ब वाजतो. ही माहिती कळवलीत तर पुढचे सांगता येईल. तोवर त्या झाडाखाली वाहने लावणे आजच बंद करा आणि पूर्वेकडच्या वाळक्या फांद्यांखालचा भाग दोरी बांधून अडवा.

पवईकर | १७ फेब्रुवारी

वरील निदान पटण्यासारखे आहे, तरीही एक शक्यता तपासून घ्यावी. मुंबईत साधारण दहा-पंधरा वर्षांपूर्वी पर्जन्यवृक्षांवर पिठ्या ढेकणांचा मोठा प्रादुर्भाव झाला होता आणि उपनगरांतील रस्त्यांच्या कडेचे कितीतरी जुने वृक्ष त्यात उभे वाळले. आमच्या रस्त्यावरचे सात वृक्ष मी माझ्या डोळ्यांनी जाताना पाहिले आहेत आणि ते दृश्य आजही विसरता येत नाही. डहाळ्यांवर, पानांच्या देठाशी पांढरा कापसासारखा थर, खाली चिकट थेंब, आणि त्या चिकट्यावर वाढलेली काळी बुरशी अशी त्याची खूण असते. तसे काही दिसत असेल तर जरूर सांगावे. मात्र त्या काळातही माझ्या लक्षात आले होते की, चारही बाजूंनी काँक्रीटने आवळलेली झाडे आधी गेली आणि बागेतील मोकळ्या मातीतली बरीच तगली.

कोथरूडची सावली | १७ फेब्रुवारी

पांढरा थर किंवा चिकटपणा कोठेही नाही. खालच्या दुचाकींवरही कधी चिकट डाग पडल्याचे आठवत नाही. उद्यानसेवक काका, इतक्या सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. वाहने आजच हलवली आहेत. येत्या रविवारी माळीबुवांना घेऊन पायथा उघडून पाहते.

एक माजी सचिव | १८ फेब्रुवारी

मी झाडांचा शत्रू नाही, हे आधी सांगतो. मी स्वतः एका संस्थेचा नऊ वर्षे सचिव होतो. आमच्या आवारातील गुलमोहर जुलैच्या एका रात्री मुळासकट उलटला आणि कुंपणभिंत घेऊन रस्त्यावर पडला. दहा मिनिटांपूर्वीच दूधवाला तेथून गेला होता. त्या प्रसंगानंतर मला कित्येक आठवडे झोप लागली नाही, कारण त्या झाडाविषयी दोन सभासदांनी लेखी तक्रार दिलेली होती आणि आम्ही ती पुढच्या सभेवर ढकलली होती. जबाबदारी पदाधिकाऱ्यांच्या डोक्यावर असते. चराने मुळे तुटलेली असतील, तर भावनेच्या भरात मुलांच्या जिवाशी खेळ करू नये. तोडायचे नसेल तर निदान वरून निम्मे उतरवून टाकावे, म्हणजे वाऱ्याला धरायला काही उरणार नाही.

उद्यानसेवक | १८ फेब्रुवारी

सचिव महोदय, आपली काळजी अगदी रास्त आहे. तपासणीत झाडाचा आधारच गेल्याचे आढळले, तर ते काढा असे सांगणारा पहिला माणूस मीच असेन. माझ्या नोकरीत मी अशी कितीतरी झाडे काढवली आहेत. परंतु निम्मे छाटण्याला माझा ठाम विरोध आहे, आणि तो सुरक्षिततेच्याच कारणाने आहे.

जाड फांद्या मध्येच सपाट कापल्या की त्या ठुंठावर सालीलगतचे सुप्त डोळे जागे होतात आणि झाडूसारखे डझनभर फुटवे फुटतात. दोन वर्षांत झाड पुन्हा हिरवेगार दिसते आणि सर्वांना वाटते की उपाय लागू पडला. प्रत्यक्षात ते फुटवे फांदीच्या गाभ्यातून निघालेले नसतात, केवळ बाहेरच्या थराला चिकटलेले असतात, आणि त्यांच्या खालचे ठुंठ उघड्या जखमेतून कुजत जाते. फुटवे मनगटाएवढे जाड आणि जड झाले की नेमके वादळात फाटून पडतात. निम्म्या छाटलेल्या झाडांच्या फांद्या पडण्याच्या तक्रारी चार-पाच वर्षांनी पुन्हा आमच्याच कचेरीत यायच्या. शिवाय तुमचे झाड आधीच उपाशी आहे. त्याची पाने काढून घेणे म्हणजे त्याचे स्वयंपाकघर बंद करणे आहे. निरोगी झाडाचाही जिवंत पर्णसंभार एका वर्षात पाव हिश्श्याहून जास्त काढू नये, आणि अशा दुबळ्या झाडाचा तर जितका कमी काढता येईल तितका चांगला.

वाळलेल्या फांद्या मात्र सगळ्या काढाव्यात, त्यांना मुहूर्त पाहावा लागत नाही. त्या काढताना फांदी खोडाला जेथे मिळते तेथे सालीची एक फुगीर कड असते, ती शाबूत राहिली पाहिजे. खोडाला घासून सपाट कापणे चूक आणि हातभर खुंटी ठेवणेही चूक. मोठी फांदी तीन कापांत उतरवावी. पहिला काप खोडापासून हात-दीड हात अंतरावर, खालच्या बाजूने, एकतृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या किंचित पुढे, वरून, म्हणजे फांदी खाली जाताना खोडाची साल ओरबाडत नाही. राहिलेली खुंटी तिसऱ्या कापाने त्या फुगीर कडेच्या बाहेरून काढावी. मोबदला लाकडाच्या वजनावर ठरवलेल्या कंत्राटदाराला हे काम कधीही देऊ नये, एवढे मी अनुभवाने सांगतो.

नागपूरचा उन्हाळा | १९ फेब्रुवारी

आमच्या वस्तीत सिमेंटचे रस्ते झाले तेव्हा कडेच्या कडुनिंबांच्या आणि करंजांच्या थेट सालीपर्यंत काँक्रीट आले. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील यंत्रणांना झाडांभोवतीचे एक मीटर त्रिज्येतील काँक्रीट काढण्याचा आणि झाडांवरच्या पाट्या, खिळे, तारा उतरवण्याचा आदेश दिला होता. त्या आदेशाची प्रत घेऊन आम्ही शेजारी-पाजारी वर्षभर पाठपुरावा केला आणि अखेर १४ झाडांची आळी मोकळी करून घेतली.

त्या वेळी आमच्या हातून झालेल्या दोन चुका सांगतो, म्हणजे तुमच्याकडे त्या टळतील. पहिल्या दिवशी कामगारांनी खोडाला लागून यंत्राने काँक्रीट फोडले, त्यात तीन झाडांची साल वीतभर रुंदीची सोलून निघाली आणि त्यांतील एक करंज पुढे त्याच जागी कुजला. नंतरची सर्व झाडे आम्ही छिन्नी-हातोडीने मोकळी केली. दुसरी चूक आम्ही प्रेमापोटी केली. आळी उघडल्यावर त्यांत काळी माती आणि शेणखत भरून खोडाला वीतभर भर दिली. खोडाची साल ही मुळांच्या सालीसारखी सतत ओल सोसण्यासाठी नसते, त्यामुळे पावसाळ्यात ती मऊ पडू लागली आणि वाळवीही आली. ती भर पुन्हा काढून आम्ही आळ्यात केवळ चार बोटे जाडीचा पालापाचोळा पसरला आणि खोडालगतची वीतभर जागा उघडी ठेवली. दुसऱ्या उन्हाळ्यापासून फरक दिसू लागला. आमच्याकडचा मे महिना आपणास ठाऊक आहेच. पालापाचोळ्याखालची माती चार दिवसांनंतरही हाताला गार लागते, आणि उघडी माती दुसऱ्याच दिवशी भेगाळते.

पुण्यात बहुतेक संस्था वाळलेली पाने पोत्यांत भरून कचऱ्यात देतात. पर्जन्यवृक्षाची पाने बारीक असतात आणि लवकर कुजतात. ती त्याच झाडाखाली राहू द्यावीत, याहून स्वस्त औषध नाही.

बागाईतदार, रत्नागिरी | १९ फेब्रुवारी

आंब्याच्या बागेत आम्ही कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावतो. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी असे प्रमाण असते. मोठ्या कापांवर ती अवश्य लावावी असे मी सुचवेन. उघडी जखम कोकणातल्या पावसात तशीच ठेवण्याची मला तरी हिंमत होत नाही.

वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी | २० फेब्रुवारी

बागाईतदार काका, बोर्डो पेस्टने बुरशीला काही काळ अटकाव होतो आणि फळबागेत, जेथे काप लहान असतात व ती दरवर्षी लावली जाते, तेथे तिचा उपयोग मी नाकारत नाही. मात्र मोठ्या वृक्षाच्या बाबतीत जखम बंद करण्याचे काम कोणताही लेप करत नाही. अमेरिकेच्या वनसेवेतील अ‍ॅलेक्स शिगो यांनी यांत्रिक करवतीने हजारो खोडे चिरून अभ्यास केला आणि १९७०च्या दशकात असे मांडले की, झाडाची जखम आपल्या त्वचेसारखी भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंती उभारते आणि बाहेर नवे लाकूड चढवून तो भाग कायमचा कोंडून टाकते. या भिंतींतील महत्त्वाची तटबंदी फांदीच्या बुडाशी असलेल्या त्या फुगीर कडेतच असते, म्हणून काप योग्य जागी असणे हे लेपापेक्षा कितीतरी मोलाचे आहे. डांबर आणि ऑइल पेंट मात्र कटाक्षाने टाळावेत, कारण त्यांच्याखाली ओल कोंडते आणि बुरशीला आयते घर मिळते.

आणखी एक विनंती. खोडावर खिळे ठोकून लावलेली फलके, गणपतीत आणि दिवाळीत गुंडाळलेल्या व नंतर तशाच राहिलेल्या रोषणाईच्या तारा झाडावर असतील तर त्याही उतरवाव्यात. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या अगदी आतल्या थरातून खाली मुळांकडे जाते, त्यामुळे खोड जाड होत असताना आवळत गेलेली साधी तारही मुळांची उपासमार करू शकते.

विधीज्ञ | २० फेब्रुवारी

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ हा खासगी जागेतील झाडांनाही लागू आहे, आणि त्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत ते जाळणे, कापणे किंवा कोणत्याही प्रकारे त्याला इजा पोहोचवणे यांचा समावेश आहे. म्हणून केवळ फांद्या छाटायच्या असल्या तरी महानगरपालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे रीतसर अर्ज करावा आणि परवानगीचा कागद काम संपेपर्यंत जवळ ठेवावा.

कार्यकारिणीसमोर आणखी एक मुद्दा मांडावा. २०२१ च्या सुधारणेनुसार अंदाजे ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाचे झाड वारसा वृक्ष ठरते, आणि तोडलेल्या झाडाच्या बदल्यात त्याच्या वयाच्या वर्षांइतकी झाडे लावण्याची तरतूद आहे. १९८६ मध्ये जे झाड दुमजली घराएवढे होते, ते आज पन्नाशीच्या आसपास असण्याची शक्यता पुष्कळ आहे. तेवढी झाडे लावण्याजोगी माती तुमच्या आवारात शिल्लक आहे का, हा प्रश्न सभेत शांतपणे विचारावा.

कोथरूडची सावली | २ मार्च

मंडळी, रविवारी आणि काल मिळून दोन दिवस आम्ही सहा जणांनी पायथा उघडला. जे आढळले ते जसेच्या तसे लिहिते.

चर खोडापासून १.८ मीटरवर आहे, म्हणजे काकांनी सांगितलेल्या मर्यादेच्या आत. त्या बाजूला तीन जाड मुळे तुटलेली सापडली. दोन मनगटाएवढी असून त्यांची टोके काळी आणि मऊ पडली आहेत. तिसरे दंडाएवढे आहे, ते मात्र जिवंत दिसते आणि त्याच्या तुटलेल्या टोकापाशी दोऱ्यासारख्या नव्या मुळांचा झुपका फुटला आहे. तो पाहून आमचे माळीबुवा काही वेळ नुसते बसून राहिले. खोडाच्या पायथ्याशी मुरमाचा थर २० सेंटिमीटर जाड निघाला. तो काढल्यावर बुंध्याचा पसरट भाग दिसला, तेथील साल ओलसर आहे, पण कुजलेली नाही. अळंबी कोठेही नाही. हातोडीचा आवाज सर्वत्र भरीव येतो. इतर तिन्ही बाजूंची जाड मुळे, जेवढी उघडी केली तेवढी, धडधाकट आहेत. गच्चीवरून आणि खिडक्यांतून तीस डहाळ्या खरवडून पाहिल्या, त्यांपैकी २२ हिरव्या निघाल्या आणि वाळलेल्या आठही पूर्वेकडच्याच आहेत. ब्लॉक उचलल्यावर खालची माती पहारीलाही दाद देत नव्हती, हे पाहून आमच्या खजिनदारांचे मत बदलले.

उद्यानसेवक | २ मार्च

आपण सर्वांनी केलेले काम पाहून मला फार समाधान वाटले. या वर्णनावरून झाड वाचण्याची चांगली शक्यता आहे असे माझे मत झाले आहे. तथापि माझे मत हे दुरून दिलेले आहे. वृक्ष अधिकारी पाहणीला येतील तेव्हा त्यांना उघडा चर आणि तुटलेली मुळे अवश्य दाखवा, झाकून ठेवू नका.

आता वाऱ्याचा विचार करू. झाड उभे राहते ते मुख्यतः वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूच्या मुळांच्या ताणावर. पुण्यात पावसाळ्याचा वारा पश्चिमेकडून येतो आणि तुमची पश्चिमेची मुळे शाबूत आहेत, हे नशीब. पण एप्रिल-मे महिन्यांतील वळवाची वादळे बहुधा पूर्वेकडून चालून येतात, आणि तीच तुमच्या झाडाची दुबळी बाजू आहे. म्हणून वाळक्या फांद्या काढणे आणि पश्चिमेकडे फार लांब गेलेल्या दोन-तीन फांद्यांची टोके, जोडफांदी असेल तेथपर्यंत, थोडी आखूड करून वजन कमी करणे, ही दोन्ही कामे मार्चअखेरपर्यंत परवानगी घेऊन उरकावीत. काम सुरू करण्याआधी घार किंवा कावळ्याचे घरटे आहे का ते पाहून घ्यावे. प्रत्येक वादळानंतर पूर्वेकडच्या जमिनीला भेग पडली आहे का, किंवा ब्लॉक उचलले गेले आहेत का, ते तपासावे. तसे दिसले तर त्याच दिवशी जागा रिकामी करून वृक्ष अधिकाऱ्याला कळवावे, तेथे विलंब नको.

जमिनीसाठी असे करा. काळ्या पडलेल्या मुळांची टोके धारदार करवतीने निरोगी लाकडापर्यंत स्वच्छ कापा आणि त्याच दिवशी माती व चांगले कुजलेले शेणखत यांनी भाग झाका, मुळे उन्हात उघडी ठेवू नका. खोडाभोवती निदान दोन मीटर त्रिज्येचे आळे कायमचे मोकळे करा. त्यापलीकडे, जेथे ब्लॉक ठेवणे भागच आहे, तेथे दर दोन-तीन फुटांवर एकेक ब्लॉक काढून दोन इंच व्यासाचे आणि हातभर खोल भोक पाडा, जाड मूळ लागले तर जागा बदला, आणि त्यात गांडूळ खत व जाड वाळू भरा. त्या भोकांतून हवा आणि पाणी दोन्ही उतरेल. जून उजाडेपर्यंत दर आठ-दहा दिवसांनी, जमीन वीत-दीड वीत खोल ओलावेल इतके, सावकाश पाणी द्या. रोज थोडे शिंपडण्याचा उपयोग नाही, आणि खोडाच्या बुडाशी ओतण्याचाही नाही. युरिया किंवा कोणतेही नत्रयुक्त खत यंदा देऊ नका. त्याने पाला फुटेल, पण तो पोसायला मुळे नाहीत. आवारात रंगकाम किंवा गिलावा चालू असेल तर घमेली धुतलेले सिमेंटचे पाणी या आळ्यात जाऊ देऊ नका.

पहिल्या वर्षी शेंड्याला फरक दिसणार नाही, कदाचित आणखी एखादी फांदी वाळेलही. त्याने घाबरून जाऊ नये. दुसऱ्या पावसाळ्यात नव्या डहाळ्यांची लांबी मोजा, ती वाढू लागली असेल तर मुळे सावरली असे समजावे.

एक माजी सचिव | ३ मार्च

ही तपासणी वाचून मी माझे आधीचे मत मागे घेतो. एक व्यवहाराची सूचना करतो. पाहणीची तारीख, छायाचित्रे, कोणत्या फांद्या केव्हा काढल्या आणि वादळानंतर कोणी तपासणी केली, याची स्वतंत्र वही संस्थेत ठेवावी आणि ती पुढच्या कार्यकारिणीकडे सोपवावी. आमच्याकडे अशी वही असती, तर त्या गुलमोहराची तक्रार सभेवर ढकलली गेली नसती.

कोथरूडची सावली | १० मार्च

काल सभा झाली. झाड न तोडण्याचा ठराव ३१ विरुद्ध ६ मतांनी संमत झाला. फांद्यांच्या छाटणीचा अर्ज आज दाखल केला. झाडाखालच्या सहा वाहनतळाच्या जागा कायमच्या रद्द केल्या असून त्या सभासदांना मागच्या बाजूस जागा दिली आहे. दोन मीटरचे आळे कागदावर आखले तेव्हा ते फाटकाच्या वाटेवर फूटभर येत होते, म्हणून वाटच तेवढी वळवायचे ठरले. वही घातली आहे आणि तिच्यात पहिली नोंद २४० सेंटिमीटर घेराची आहे. एकच शंका उरली. आळ्याला कठडा करावा का? काही सभासद सिमेंटचा गोल ओटा बांधून त्यावर ज्येष्ठांना बसायची सोय करा म्हणतात.

उद्यानसेवक | १० मार्च

ओटा बांधू नये. त्याच्या पायासाठी पुन्हा मुळे तुटतील आणि आत माती भरली की खोड पुन्हा गाडले जाईल. काढलेले पेव्हर ब्लॉक आळ्याच्या कडेने सिमेंटशिवाय, नुसते उभे रोवून ठेवा, म्हणजे पालापाचोळा वाहून जाणार नाही आणि झाड वाढले की ते मागे सरकवता येतील. ज्येष्ठांसाठी दोन लाकडी बाके आळ्याच्या बाहेर, पश्चिमेच्या नव्हे तर उत्तरेच्या बाजूला ठेवा, वर्षाचा बराच काळ भरदुपारी सावली तिकडे असते.